कुंपणाच्या खांबावर

मार्च म्हणजे आमच्याकडे मधलाच एक महिना.
तळघरातली मडकी टिचकी मारली की वाजतात,
कोबीचा शेवटचा गड्डा बाहेरून काळा, आत अजून गोड,
वाफ्यात नुसती ओली माती
आणि पिशवीत अक्रोड: दोन मुठी. मोजलेत मी.

तेव्हा कुंपणाच्या कडेनं आग्या उगवतो.
हातांना लोकरीचे पायमोजे चढवायचे,
एक माझा, एक नवऱ्याचा, दोन्हींची जोडी हरवलेली,
आणि शेंड्याची चारच पानं खुडायची.
तो चावतोच. चावू दे.
हिवाळाभर आखडलेली बोटं त्यानं जागी होतात.

एक उकळी. घट्ट पिळायचं.
पाणी फेकायचं नाही, ते उद्याच्या सारात जातं.
खलबत्त्यात अक्रोड, लसूण, धणे
आणि चिमूटभर झेंडू.
ऑक्टोबरात पाकळ्या वाळवल्या होत्या वर्तमानपत्रावर;
त्याला आम्ही केशरच म्हणतो,
म्हणायला काय जातं!
शिवाय निळ्या फुलांची एक मेथी,
तिचं नाव आमच्या भाषेत ‘परका गंध’.
कुठून आली, कोणी आणली, कोणाला ठाऊक.
माझ्या दारात आपोआप उगवते
आणि अजून परकीच म्हणवून घेते.

नातिया कुताईसीहून फोन करते:
आई, बाजारात बारा महिने टोमॅटो मिळतात.
मिळतात, बाई. खाऊन पाहिला मी एक.
पाणी होतं, लाल कागदात बांधलेलं.

शेजारच्या गिवीशी मी चार वर्षं बोलत नाही.
त्याच्या डुकरानं माझा लसणाचा वाफा उकरला, सगळाच्या सगळा.
मग मी जे बोलले ते इथं सांगत नाही.
त्याची बायको तेव्हा नुकतीच गेली होती.

आंबट आलुबुखाराचं झाड त्याच्या अंगणात,
अर्ध्या फांद्या माझ्याकडे.
मे महिन्यात, फळं हिरवी असताना,
नुसत्या बघण्यानंच दात आंबतात तेव्हा,
तो भल्या पहाटे काठी घेऊन येतो
आणि झोडपतो फक्त माझ्या बाजूच्या फांद्या.
मध्येच खोकतो, मला कळावं म्हणून.
मी फळं उकडते, चाळणीवर घासते,
ओढ्याकाठचा रानपुदिना, लसूण, लाल मिरची.
एक बरणी कुंपणाच्या खांबावर ठेवते
आणि वळून बघत नाही.
बोलणं बंद, आंबट चालू.

यंदा एप्रिलच्या शेवटी गारा पडल्या.
सकाळी झाडाखाली पांढरं आणि हिरवं एकत्र:
गारा, आणि हरभऱ्याएवढी फळं.
फांदीवर काही नाही.

जूनमध्ये खांबावर माझी गेल्या वर्षीची बरणी दिसली.
उपडी. स्वच्छ धुतलेली. झाकणाला नवं रबर.
घ्या. आता हिच्यात काय घालू?

घरात जोन्जोली होती तेवढी:
उमलायच्या आत, गारांच्या चार दिवस आधी
खुडलेले पांढऱ्या कळ्यांचे घोस,
मिठात दाबून वर नदीतला दगड ठेवलेला.
घाईत एक मूठ मीठ जास्त पडलं होतं.
मला माहीत होतं.
तरी बरणी भरली,
वर कांद्याच्या चकत्या, सूर्यफुलाचं तेल.

आठ दिवस खांब रिकामा.
नवव्या दिवशी मी मिरचीची रोपं लावत होते,
कोपरापर्यंत चिखल,
तेव्हा कुंपणापलीकडून, चार वर्षांनी:
“खारट झालंय.”

मी मान वर केली नाही.
“मग भिजव ना जरा पाण्यात,” म्हटलं,
“तेही मीच सांगायचं का?”

तो खोकला.
डुक्कर कुठंतरी घुरघुरलं.
मी आणखी एक खड्डा केला, रोप ठेवलं,
माती दाबली,
उगाच जरा जास्तच दाबली.